वाक्यातला कर्ता कोण?

गेल्या मे महिन्यात आपल्या एका साथीने वस्तीतील वाचनालयात नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजीचा मोफत वर्ग चालविला. वर्गाच्या अखेरीस मुलांनी लिहिलेले निबंध तपासून देण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले. ज्याचे सारे आयुष्य अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेले त्याला चाळीस वह्या जड नव्हत्या. निबंधाचा विषय नेहमीचाच होता : 'तंत्रज्ञानामुळे आपले जीवन कसे बदलले'. मुलांनी मेहनत मनापासून केली होती. तरीही शेवटची वही मिटताना मी अस्वस्थ झालो. ही अस्वस्थता व्याकरणाच्या चुकांची नव्हती. चुका थोड्या होत्या आणि त्या क्षम्य होत्या. अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती की, चाळीसही वह्यांत वस्तुतः एकच वाक्य होते.

हे वाक्य कोठून आले, ते फळ्यावर अजून पुसले न गेलेल्या तक्त्यावरून कळले. तक्त्याचे तीन रकाने होते. पहिल्यात 'टेक्नॉलॉजी', 'मोबाईल', 'इंटरनेट', 'कॉम्प्युटर'. दुसऱ्यात 'हॅज चेंज्ड', 'हॅज सेव्ह्ड', 'हॅज इम्प्रूव्ह्ड'. तिसऱ्यात 'अवर लाइव्ज', 'अवर टाइम', 'अवर वर्क'. कोणत्याही रकान्यातला कोणताही शब्द उचलून जोडावा, वाक्य शुद्धच होते. परभाषा शिकविण्याची ही रीत जुनी आहे. इंग्लंडचे हॅरल्ड पामर यांनी १९१६ साली अशा तक्त्यांचे पुस्तकच काढले होते आणि हॉर्नबी यांनी १९५४ साली इंग्रजी वाक्यनमुन्यांची पद्धतशीर मांडणी केली. आमच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर जीभ वळविली, आजच्या पिढीने तक्त्यावर वळवावी. त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या पहिल्या रकान्याला. कर्त्याचा तो रकाना, आणि त्यात माणूस एकही नव्हता.

एका मुलीने लिहिले होते : 'टेक्नॉलॉजी ब्रिंग्ज एव्हरीथिंग टु अवर डोअर.' तंत्रज्ञान सर्व काही आपल्या दाराशी आणून देते. वाक्य निर्दोष होते. मी समासात बरोबरची खूण केली आणि पुढे गेलो. वह्या परत करताना साथींनी सहज सांगितले की, या मुलीचे वडील दुचाकीवरून पार्सले पोचविण्याचे काम करतात. सकाळी निघतात आणि मुली झोपल्यावर परत येतात. मी ती वही पुन्हा उघडली. इतरांच्या दाराशी सर्व काही आणून देणारा माणूस तिच्या घरातच राहतो आणि तिच्या त्या निर्दोष वाक्यात तो कोठेही नाही!

दोष मुलीचा नाही, वर्ग चालविणाऱ्या साथींचाही नाही. त्यांनी तक्ता बाजारातल्या पुस्तकातून घेतला आणि बाजारातल्या पुस्तकांत दुसरा तक्ता मिळत नाही. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने चालविलेल्या वर्गात, श्रमिकांच्या मुलांच्या तोंडून, श्रमिकाला गाळणारे वाक्य चाळीस वेळा घोकून घेतले जावे, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो तो असाच, कोणाच्याही वाईट हेतूवाचून.

कर्ता आणि करण

मराठीत तृतीयेचा 'ने' हा प्रत्यय दोन कामे करतो. 'गड्याने झाड तोडले' यात गडी कर्ता आहे. 'कुऱ्हाडीने झाड तोडले' यात कुऱ्हाड करण आहे, म्हणजे साधन आहे. प्रत्यय एक, नाती दोन. शहाण्या माणसाला हा भेद सांगावा लागत नाही, कारण कुऱ्हाड आपली आपण उठत नाही हे त्याला ठाऊक असते. आता 'तंत्रज्ञानाने जीवन बदलले' हे वाक्य पाहा. येथे तंत्रज्ञान कर्ता की करण? ते करण आहे असे म्हटले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : मग कर्ता कोण? ते कोणी आणले, कोणाच्या पैशाने आणले, कोणाला विचारून आणले, त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा कोणाच्या पदरात पडला? तेच तंत्रज्ञान कर्त्याच्या खुर्चीत बसविले की यांपैकी एकही प्रश्न उरत नाही. पाऊस पडतो, थंडी पडते, तसे तंत्रज्ञान येते. मग छत्री घ्यावी आणि मुकाट्याने चालू लागावे.

हा खेळ केवळ शाळकरी वह्यांत चालत असता तर त्याच्यासाठी या पानाची जागा अडविण्याचे कारण नव्हते. अग्रलेखांत, मंत्र्यांच्या भाषणांत, कंपन्यांच्या अहवालांत हाच तक्ता वापरला जातो. 'कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाणार' हे आजचे आवडते वाक्य घ्या. बुद्धिमत्ता, कृत्रिम असो वा नैसर्गिक, नोकऱ्या खात नसते. वेतनावरचा खर्च कमी करण्याचा निर्णय माणसे घेतात, त्यावर माणसांच्या सह्या असतात आणि त्याचा नफा माणसांच्या खात्यात जमा होतो. वाक्यात मात्र सही करणारा दिसत नाही, फक्त यंत्र दिसते.

मार्क्सने १८६७ साली 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात यंत्र आणि यंत्राचा भांडवली उपयोग यांत स्पष्ट भेद केला आणि हा भेद ओळखायला कामगारांना वेळ व अनुभव लागला, असेही नोंदविले. त्या अनुभवाची किंमत इंग्लंडच्या विणकरांनी मोजली होती. १८१२ साली ब्रिटिश पार्लमेंटने विणकामाची यंत्रे मोडणाऱ्याला देहान्त शासनाची तरतूद केली. ज्या यंत्राला म्हणे स्वतःचीच अपरिहार्य गती असते, त्याच्या रक्षणासाठी फाशीचा दोर का लागावा? पाऊस पडावा म्हणून कोणी कायदा केल्याचे ऐकिवात नाही. जेथे कायदा लागतो, पोलीस लागतो, तेथे कर्ता असतो.

गिरणीतला दिवा

'विजेच्या दिव्याने जीवन उजळले' हे वाक्यही त्या वह्यांत होतेच. ते मुंबईच्या गिरणगावात नेऊन तपासू. मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली केली. पुढची पन्नास वर्षे गिरणीचा दिवस साधारणतः सूर्याबरोबर उगवत असे आणि सूर्याबरोबर मावळत असे. तो दिवसही निर्दयच होता, पण त्याला निसर्गाची का होईना, एक मर्यादा होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. कापडाच्या धंद्यात तेजी होती. ज्या दिव्याच्या उजेडात कामगाराने संध्याकाळी पुस्तक वाचावे असे शाळेचा निबंध सांगतो, त्याच दिव्याच्या उजेडात मालकांनी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. दिवा तोच. विज्ञान तेच. घरात लागला तर रात्रीचा दिवस झाला, गिरणीत लागला तर दिवसाला रात्र जोडली गेली. फरक दिव्यात नव्हता. बटण कोणाच्या हाती होते यात होता.

मग तो दिवस पुन्हा आखूड कसा झाला? कोणत्या शोधाने झाला? कोणत्याच नाही. आरडाओरड झाली, चौकशी समित्या बसल्या आणि १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामावर दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याला साठ तास, १९३४ साली बारमाही कारखान्यांत चोपन्न तास, १९४६ साली अठ्ठेचाळीस तास, अशी ही मर्यादा खाली आली. यातला प्रत्येक तास कामगारांच्या संघटित दबावाने आणि कायद्याने परत मिळविला आहे. त्याआधी आठवड्याच्या सुटीची कथाही तीच. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुटी मालकांनी मान्य केली ती १८९० साली. ज्या रविवारी मुले 'तंत्रज्ञानामुळे आपला वेळ वाचला' हा निबंध लिहितात, तो रविवार तंत्रज्ञानाने दिलेला नाही. तो लोखंड्यांनी आणि त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या हजारो निरक्षर माणसांनी मिळविलेला आहे. आपल्या वर्गातल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

जुन्या मागाने नव्याला हरविले?

मालकांनी १९२८ साली 'कार्यक्षमता' वाढविण्याची योजना पुढे रेटली. तिचा साधा अर्थ होता, विणकऱ्याने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि उरलेल्यांनी घरी जावे. मुंबईचे गिरणी कामगार त्याविरुद्ध सहा महिने संपावर राहिले. मागाने माणसाला घालविले, असे त्या कामगारांनी कधी म्हटले नाही. कोणत्या गिरणीने, कोणत्या मालकाने आणि कोणत्या हिशेबाने, ते त्यांना नेमके ठाऊक होते. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांचे वाक्य आमच्या पदवीधरांच्या वाक्यापेक्षा शुद्ध होते.

आता त्याच गिरणगावाचा शेवट पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला देऊन ठेवला होता. बहुसंख्य कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, तरी कायदा बदलला नाही. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. आज कोणालाही विचारा, उत्तर तयार असते : 'गिरण्या जुन्या झाल्या होत्या, नव्या तंत्रज्ञानापुढे टिकल्या नाहीत.' हे वाक्य वस्तुस्थितीच्या थेट विरुद्ध आहे. मुंबईच्या गिरण्यांचे कापड भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले, आणि भिवंडीतले पुष्कळ माग तर गिरण्यांनीच भंगारात काढलेले होते! त्याच जुन्या मागाने गिरणीतल्या मागाला हरविले, असे का झाले? कारण त्या मागावर बसणाऱ्याला गिरणीतल्या कामगाराची पगारश्रेणी नव्हती, भविष्यनिर्वाह निधी नव्हता, आठ तासांचा दिवस नव्हता, संघटना नव्हती. हरले ते जुने तंत्र नव्हे. हरले ते श्रमिकांनी शंभर वर्षांत मिळविलेले संरक्षण. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आणि तिच्यातल्या २००१ च्या दुरुस्तीने गिरण्यांच्या जमिनींचे काय व्हायचे ते ठरविले आणि जेथे माग होते तेथे मॉल उभे राहिले. या साऱ्या व्यवहारात कर्त्यांची रांग लागलेली आहे. 'तंत्रज्ञान' या एका शब्दाने ती सगळी रांग झाकून टाकली जाते.

इंग्रजी ॲप आणि मराठी सेविका

कोणी म्हणेल, ही जुनी दुखणी झाली. आजची गोष्ट सांगा. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले आणि बालकांचे वजन, उंची, आहार यांची नोंद ठेवण्यासाठी २०२१ साली केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' नावाचे ॲप आले. ॲप इंग्रजीत होते. नोंदी करणाऱ्या स्त्रिया मराठीतून शिकलेल्या, काही जणी सातवी-आठवीपर्यंतच गेलेल्या. मोबाईल कमी क्षमतेचे, वारंवार बंद पडणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले आणि ॲप मराठीत द्या, चांगला फोन द्या, अशी मागणी केली.

'अडाणी बायांना तंत्रज्ञान नको आहे' असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. वस्तुतः त्यांनी तंत्रज्ञान नाकारले नव्हते. चांगले यंत्र आणि आपली भाषा मागितली होती. यंत्राला मराठी येत नव्हती, असेही नाही. त्याला कोणती भाषा शिकवायची हे ज्याने ठरविले त्याने सेविकेला विचारले नव्हते, एवढेच. इंग्रजी आणि तंत्रज्ञान या दोन गोष्टींनी श्रमिकाचे जीवन कसे बदलते, हे ज्याला एका ठिकाणी पाहायचे असेल त्याने हा प्रसंग पाहावा. दोन्ही गोष्टी वरून येतात, दोन्ही एकमेकींच्या आधाराने येतात आणि ज्याला त्या येत नाहीत त्यालाच अपराधी ठरवितात.

निबंधातल्या त्या मुलीच्या वडिलांची गोष्ट याहून पुढची. त्यांना कामगार म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. भागीदार! गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचे, अपघात झाला तर पाय त्यांचा. दर मात्र ठरविते ॲप. तक्रार कोणाकडे करावी, असे विचारले तर ॲपमध्येच एक चौकट असते. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली आहे आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे कामगार कायद्याच्या शब्दांत प्रथमच आले, पण आले ते पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचे म्हणून. म्हणजे कायद्याच्याच वाक्यातून मालक हा कर्ता गळाला. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. ते अपुरे असतील, पण देणे कोणाचे लागते हे तरी त्यांनी कायद्यात लिहिले. पंधरा तासांच्या गिरणीला जशी १९११ ची मर्यादा घालावी लागली, तशीच या अदृश्य गिरणीलाही घालावी लागणार आहे, आणि ती कोणतेही ॲप घालणार नाही.

घराच्या आतही हाच न्याय लागू आहे. 'मिक्सर आणि वॉशिंग मशीन यांनी स्त्रीचे काम हलके केले' असे जवळजवळ प्रत्येक वहीत होते. जाते गेले, उखळ गेले, हे चांगलेच झाले. पहाटे उठून दळणाऱ्या माझ्या आईचे हात मी पाहिले आहेत आणि त्या जात्याचे गोडवे गाणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. परंतु २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्या बिनपगारी कामाला दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७. मिक्सर भाजणी बारीक करतो, ती भाजायची कोणी हे ठरवीत नाही. ते घरातली माणसे ठरवितात, आणि आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही ते फारसे वेगळे ठरलेले नाही.

आपल्याही वह्या तपासू

दुसऱ्याच्या वह्या तपासणाऱ्याने आपलीही वही पुढे करावी. आपल्या चळवळीत या विषयावर दोन चुका होत आल्या आहेत.

पहिली चूक इंग्रजीबद्दलची. 'अंग्रेजी हटाओ' ही डॉ. लोहियांची घोषणा आपण उचलली आणि तिचा अर्थ सोयीस्करपणे संकोचून घेतला. लोहियांनी बर्लिनमध्ये जर्मन भाषेत प्रबंध लिहिला, इंग्रजीत उदंड लेखन केले. भाषेशी त्यांचे वैर नव्हते. राज्यकारभारातून, न्यायालयातून आणि शिक्षणातून सामान्य माणसाला बाहेर ठेवणारी भिंत म्हणून इंग्रजीचा जो उपयोग होतो, त्याच्याशी त्यांचे वैर होते. त्याआधी शंभर वर्षांपूर्वी सावित्रीबाई फुल्यांनी 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' मराठीत काढले, तर रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ इंग्रजीत लिहिला, कारण ज्यांच्याशी वाद घालायचा होता ते इंग्रजीत बोलत होते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही श्रमिकाच्या मुलाला दहावीनंतर मुलाखतीत चार वाक्ये बोलता येत नाहीत. आपली मुले इंग्रजी माध्यमात घालून दुसऱ्यांच्या मुलांना मातृभाषेचे महत्त्व सांगणारे पुढारी आपल्याकडे झाले आहेत. तेव्हा वर्ग बंद करा, असे मी मुळीच म्हणत नाही. वर्ग वाढवा.

दुसरी चूक यंत्राबद्दलची. यंत्र दिसले की विरोध, असा एक काळ आपण काढला. विमा आणि बँकांतल्या संगणकविरोधी मोर्चांत आपल्यापैकी पुष्कळ जण होते, मीही होतो. आज मागे पाहताना त्या विरोधातले बरोबर काय आणि चूक काय हे वेगळे करता येते. संगणक येऊच नये ही मागणी टिकणारी नव्हती. परंतु विचारल्यावाचून येऊ नये, ही मागणी बरोबर होती आणि ती अंशतः यशस्वीही झाली. १९८३ साली बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. यंत्रे कोठे आणि कोणत्या मर्यादेत आणायची यावर दोन्ही पक्षांना समोरासमोर बसावे लागले. ज्या वर्षी गिरणी कामगारांचा संप चिरडला जात होता, त्याच वर्षी बँक कर्मचारी यंत्राच्या अटी लिहून घेत होते. दोघांत फरक तंत्रज्ञानाचा नव्हता. फरक टेबलाशी खुर्ची असण्याचा आणि नसण्याचा होता. लोहिया लहान यंत्राविषयी बोलत आणि गांधीजी शिलाई यंत्राला आपल्या यंत्रविरोधातून वगळत, तेव्हा दोघेही खरे तर हेच विचारीत होते की, यंत्र कोणाच्या हाती राहणार आहे?

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल. दहावीच्या मुलाला परीक्षेत गुण हवेत. त्याच्या वाक्यात तुम्ही वर्गलढा कशाला शिरवता? उत्तर असे की, वाक्यात वर्ग आधीच शिरलेला आहे. 'टेक्नॉलॉजी हॅज सेव्ह्ड अवर टाइम' या वाक्यातले 'अवर' कोणाचे? पार्सल मागविणाऱ्याचा वेळ वाचला, पोचविणाऱ्याचा गेला. एकाच सर्वनामात दोघांना कोंबणे हे राजकारणच आहे. फक्त ते दुसऱ्यांचे राजकारण आहे, म्हणून ते व्याकरण वाटते. शिवाय कर्ता असलेले वाक्य परीक्षेतही अशुद्ध ठरत नाही. गुण तेवढेच मिळतील, समज मात्र अधिक येईल.

नवा तक्ता

तेव्हा वर्ग चालविणाऱ्या साथींना माझी सूचना साधी आहे. तक्ता पुसू नका. पहिला रकाना बदला. 'टेक्नॉलॉजी'च्या जागी 'द ओनर', 'द गव्हर्नमेंट', 'द कंपनी', 'द युनियन', 'माय मदर', 'माय फादर', 'वी' हे शब्द लिहा. यंत्राला त्याच्या योग्य जागी, 'विथ' या शब्दाच्या मागे बसवा. 'विथ' म्हणजे आपली करणार्थी तृतीया. मुलांना ती मराठीतून चटकन समजते. मग कर्मणी प्रयोग शिकवा आणि 'बाय' हा शब्द कधीही गाळू देऊ नका. 'फाइव्ह हंड्रेड वर्कर्स वेअर रिमूव्ह्ड' असे कोणी लिहिले की साऱ्या वर्गाने एका आवाजात विचारावे : 'बाय हूम?' कोणाकडून? एवढा एक प्रश्न ज्या मुलाच्या जिभेवर बसला त्याला पुढे वर्तमानपत्र वाचायला वेगळे शिकवावे लागणार नाही. आणि हा सराव इंग्रजीतच थांबवू नका. 'योजना राबविण्यात आली', 'वस्ती हटविण्यात आली', 'दर वाढविण्यात आले' या आपल्या सरकारी मराठीलाही तोच प्रश्न विचारायला शिकवा.

जून महिन्यात मी एक रविवार त्या वाचनालयात गेलो आणि साथींच्या परवानगीने हा बदललेला तक्ता मुलांपुढे मांडला. लोखंड्यांचा रविवार सांगितला, गिरणीतल्या दिव्याची गोष्ट सांगितली. मग प्रत्येकाला आपले एक जुने वाक्य निवडून त्यात कर्ता घालायला सांगितले. बराच वेळ कोणी लिहीना. पूर्वीचे चाळीस निबंध अर्ध्या तासात झाले होते, या एका वाक्याला पाऊण तास लागला. वह्या परत आल्या तेव्हा व्याकरणाच्या चुका पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक होत्या. त्या मुलीने लिहिले होते : 'माय फादर ब्रिंग एव्हरीथिंग टु देअर डोअर विथ हिज बाइक. दि ॲप टेक द मनी.' 'ब्रिंग'ला एस हवा होता, 'टेक'लाही हवा होता. मी दोन्ही ठिकाणी तांबड्या शाईने तो घातला. बाकीचे वाक्य दुरुस्त करण्याची माझी पात्रता नव्हती. फक्त खाली एक प्रश्न लिहिला : ॲप कोणाचे?

त्या प्रश्नाचे उत्तर तिला व्याकरणात मिळणार नाही. ते आपल्या सभासद-नोंदणीच्या पुस्तकात, आपल्या मोर्चात, आपल्या मागणीपत्रात मिळाले पाहिजे. पार्सले पोचविणाऱ्या माणसांची संघटना आपल्या किती तालुक्यांत आहे? त्यांच्या कामाचे तास कोण मोजतो? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अक्षरओळख नसलेल्या माणसांनी दिवसाचे तास मोजून घेतले होते. आपल्याला वाचता येते, लिहिता येते, इंग्रजीही येते. मुलांनी वाक्यात कर्ता शोधायला आरंभ केला आहे. आता रस्त्यावर तो दाखवून देण्याचे काम आपले आहे.